डाव्या अंगाची जागा

मी नववीत जाईपर्यंत माझ्या मायनं मला 'ये' अशी हाक मारलेली आठवत नाही. ती 'या' म्हणायची. "या गं, जेवून घ्या." "हात धुतले का गं तुम्ही?" "झोपा आता, लई झालं." घरात मूल म्हणावं तर मी एकटी. पण कळायला लागल्यापासून हेच कानावर पडलेलं, त्यामुळे मुलींना असंच बोलवत असतील असं मला वाटायचं. नांदेडला आम्ही एका खोलीत भाड्यानं राहायचो. भिंतीपलीकडे एक खाला होती. ती हसायची. "क्या विशाखा की माँ, अपनी बेटी कू बी आप बोलते?" माय पदर तोंडाशी नेऊन काहीतरी पुटपुटायची आणि चुलीकडे वळायची. खालाला वाटायचं, ही बाई लेकीला मान देते. मलाही तसंच वाटायचं आणि मी मनातून जरा फुगायचे.

भाकरी थापण्याचा तिचा आवाज मला अजून ऐकू येतो. परातीत थप थप थप, मग तव्यावर टाकताना बांगड्यांचा एक बारका खळखळाट, मग पुन्हा थप थप. शेवटच्या उंड्यातून ती तळहाताएवढी चानकी करायची. लहान मुलांसाठी करतात तशी. अंबाडीची भाजी किंवा येसराची आमटी माझ्या ताटात पडायची, आणि ती चानकी माझ्या ताटाच्या डाव्या अंगाला, भुईवर, एका पानावर. मी तिला हात लावला तर माय म्हणायची, "ती राहू दे. तुझी मोठी हाय की." सकाळी ती चानकी दारात येणाऱ्या गाईला जायची. मी कधी विचारलं नाही. लहानपणी घरातल्या गोष्टी विचारायच्या नसतात, त्या असतात तशा असतात.

बाबा पाटबंधाऱ्याच्या कचेरीत कारकून. घरात देव्हारा नव्हता, अंगारा-धुपारा नव्हता. पौर्णिमेला आम्ही विहारात जायचो आणि बाबा मला घोळून घोळून सांगायचे, की भूत, भानामती, करणी हे सगळं माणसाला भ्यायला लावायचं काम आहे, आपण ते मागं टाकून आलो. माय ऐकून घ्यायची. बाबांसमोर तिनं कधी उलट शब्द काढला नाही. फक्त शिरूर अनंतपाळजवळचं आमचं गाव, जिथून मी अगदी लहान असताना आम्ही नांदेडला आलो, तिथं ती पुन्हा कधी गेली नाही. गावाकडून कुणी आलंच तर ती त्यांना माझ्यापाशी एकटं बसू द्यायची नाही.

मग नवा जिल्हा झाला आणि बाबांची लातूरला बदली झाली. गावाबाहेर नवी क्वार्टर्स बांधत होते. आम्ही गेलो तेव्हा निम्म्या घरांना दारं-खिडक्या बसायच्या होत्या. आमच्या रांगेत आम्ही आणि टोकाला आणखी एक कुटुंब. मधली घरं तोंडं उघडी टाकून उभी. वारा सुटला की एका घरातून शिरून दुसऱ्यातून निघायचा आणि कुणीतरी लांबून नाव घेतल्यासारखा आवाज व्हायचा. त्या वर्षी पाऊस नीट झालाच नव्हता. नळ आठवड्यातून कधीतरी खोकलायचा, एरवी टँकर. दुपारी बाराच्या सुमाराला तिथं इतकी शांतता व्हायची, की तापलेल्या पत्र्याची टणटण ऐकू यायची. माय त्या वेळी दारात बसायची आणि रिकाम्या घरांकडे बघत राहायची. तिला तिथं करमायला लागलं, याचं मला नवल वाटायचं.

शाळेचं मैदान मोठं होतं आणि गवताची काडी नव्हती. नुसता फुफाटा. त्यात चुन्यानं आखलेला गोल. मला पळायला आवडायचं, यापलीकडे पळण्याबद्दल मला काही माहीत नव्हतं. खेळ शिकवायला स्वामी मॅडम होत्या. उदगीरकडच्या, उंच, रुंद हाडाच्या, गळ्यात शिट्टी आणि दाढेत कायम लवंग. व्यायामाचे आकडे त्या कानडीत मोजायच्या, "ओंदु, एरडु, मूरु," आणि चुकलं की मराठीत शिव्या द्यायच्या. नव्या जिल्ह्याचा मुलींचा पहिला संघ विभागाच्या स्पर्धांना जाणार होता. आठशे मीटरला दोन मुली निवडायच्या होत्या. मॅडमनी आम्हाला पळवून बघितलं आणि मला बाजूला घेतलं.

"वळणावर आतल्या रेघेला चिकटून पळायचं असतं, माहीत हाय का न्हाई?"

"माहीत आहे."

"मग तू कामून हातभर लांब पळती? सगळ्या पोरी आतून जातेत. तू प्रत्येक वळणावर फुकटचं जास्ती पळायलीस."

मी म्हणाले, पुढच्या वेळी चिकटून पळते. पुढच्या वेळीही तेच झालं. मॅडमनी मला फुफाट्यात उमटलेली माझीच पावलं दाखवली. सरळ पट्ट्यावर सुद्धा ती रेघेपासून तेवढंच अंतर राखून चालली होती, जणू मध्ये काहीतरी ठेवलेलं आहे. मग त्यांनी मला पाठमोरं उभं केलं, खांद्यांवर दोन्ही हात ठेवले. माझा डावा खांदा उजव्यापेक्षा वर होता. डावं कोपर अंगापासून सुटलेलं. मूठ अर्धी मिटलेली. मला हे कुणी कधी सांगितलं नव्हतं. मला तर मी सरळच उभी आहे असं वाटत होतं.

पुढं आजवरची सगळी नोकरी मी नांदेडात मुलींच्या पाठी आणि खांदे सरळ करण्यात घालवली, म्हणून आज हे सहज सांगता येतं. शरीर एखाद्या स्थितीत फार काळ राहिलं, की तीच त्याला सरळ वाटायला लागते. आखडलेला स्नायू आपण आखडलोय असं सांगत नाही. एका खांद्यावर दप्तर वाहणाऱ्या मुली, मान खाली घालून मोबाइल बघणाऱ्या मुली, सगळ्यांना मी भिंतीला पाठ लावून उभं करते, तेव्हा त्या हटकून म्हणतात, मॅडम, आता वाकडं वाटतंय. मी हसते. पण हे सगळं मला माहीत असूनही त्या उन्हाळ्यात जे झालं, ते यात पुरतं बसत नाही.

स्वामी मॅडमनी सुरुवात भिंतीपासूनच केली. टाचा, ढुंगण, दोन्ही खांदे, डोकं भिंतीला टेकवायचं आणि हात कोपरात दुमडून भिंतीवरून वर सरकवायचे. उजवा हात सरकायचा. डावा खांदा भिंतीला टेकायचाच नाही. मॅडम तळव्यानं दाबायच्या, मी श्वास सोडायचे, तरी मध्ये कुणीतरी बोटं घातल्यासारखं व्हायचं. मग आडव्या बारला लोंबकळणं. मग डाव्या हातात वाळूचा डबा घेऊन सावकाश चालणं. घरी मी हे क्वार्टरच्या मागच्या भिंतीपाशी करायचे, शाळेतून आल्यावर दुपारी. माय दारात येऊन उभी राहायची. ती माझ्याकडे बघत नसायची. माझ्या बाजूला, डावीकडे, साधारण माझ्या खांद्याच्या उंचीवर बघायची. एकदा मी वळून त्या जागेकडे बघितलं. भिंतीचा नवा चुना, ऊन, दुसरं काही नाही.

एका दुपारी मॅडमनी डोळे मिटून चालण्याचा व्यायाम सांगितला. मैदानात दोघीच होतो. त्या समोर लांब उभ्या राहिल्या. मी डोळे मिटून त्यांच्या आवाजाच्या दिशेनं सरळ यायचं. त्या मोजायला लागल्या. मी चालत होते, आणि मला अगदी सहज, काही विशेष नसल्यासारखं वाटलं, की माझ्या डाव्या मुठीत बोटं आहेत. खरखरीत, बारकी, गरम बोटं. मी भ्याले नाही. भीती नंतर वाटली. त्या वेळी उलट बरं वाटत होतं, ओळखीचं. मी चालत राहिले. मग लक्षात आलं की मॅडमचं मोजणं थांबलंय. डोळे उघडले तर मी मैदानाच्या भलत्याच टोकाला, पडक्या विहिरीच्या कठड्यापाशी पोचले होते. विहीर कोरडी होती, तोंडावर बाभळीच्या काटेरी फांद्यांचे फास टाकलेले होते. मॅडम धापा टाकत आल्या आणि माझा दंड घट्ट धरला.

"आवाज देत होते की गं मी. ऐकू आलं न्हाई?"

"तुम्ही मोजायच्या थांबलात ना?"

"मी थांबलेच न्हाई," त्या म्हणाल्या. मग, "आज बास." शाळेकडे परत येताना त्या माझ्या उजव्या बाजूनं चालल्या. त्यानंतर त्या माझ्या डावीकडून चाललेल्या मला आठवत नाहीत.

त्याच आठवड्यात मंगल पडली. ती आमच्यातली सगळ्यात वेगवान मुलगी, तोंडानं फटकळ. सरावाच्या शर्यतीत माझ्या आणि रेघेच्या मधली जागा बघून ती आतून घुसली आणि वळणावर तोंडावर आपटली. गुडघे सोलून निघाले. मुली म्हणायला लागल्या, विशाखानं कोपर मारलं. मी रडकुंडीला आले. मंगलच म्हणाली, "हिनं न्हाई मारलं. हिचा हात वर व्हता, मी बघितला." तिनं आपली कंबर चाचपली. "हितं कुणीतरी ढकललं. बारका हात व्हता." सगळ्या हसल्या. मंगल हसली नाही, आणि त्यानंतर तिनं मला कधी आतून ओलांडलं नाही.

मॅडमनी त्या संध्याकाळी मला पायरीवर बसवून घेतलं. दाढेतली लवंग थुंकली. मग विचारलं, "लहानपणी तू कुणाचा हात धरून चालायचीस?"

"मायचा असेल."

"मायचा न्हाई. माय उंच असती, तिचा हात धरला तर खांदा अजून वर जाईल. हा तुझ्यापरीस थोडं मोठं असलेल्या लेकराचा हात हाय. घरी इचार."

मी घरी गेले तेव्हा माय कंदील पुसत होती आणि बाबा पेपर वाचत होते. मी दारातूनच विचारलं, "माय, मी लहानपणी कुणाचा हात धरायचे?"

कंदिलाची काच मायच्या हातात होती. ती पडली नाही, फुटली नाही. मायनं ती हळूच खाली ठेवली, फडकं घडी करून ठेवलं, आणि बाबांकडे बघितलं. बाबांनी पेपर मिटला. "सांग आता," ते म्हणाले. "मी तवाच म्हणत होतो, सांग."

"तुम्ही सांगा," माय म्हणाली. "मला तिचं नाव घ्यायचं न्हाई."

मला एक बहीण होती. सुजाता. घरात तिला सुजी म्हणायचे. मोठा दुष्काळ पडला तेव्हा ती आठेक वर्षांची होती आणि मी चारेक. बाबांना अजून नोकरी लागली नव्हती; माय-बाबा दोघंही दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे, दुपारी मिळणारी सुकडी पदरात बांधून संध्याकाळी आणायचे. सुजी मला सांभाळायची. दिवसभर माझा डावा हात तिच्या हातात. गावच्या विहिरीचं पाणी तळाला गेलेलं. मोठी माणसं पायऱ्यांनी उतरून, झिऱ्यापाशी बसून वाटीनं घागर भरायची. एका दुपारी विहिरीवर कुणी नसताना सुजी मला काठावर उभं करून खाली उतरली. वरची दरड सुटली.

एवढं सांगून बाबा थांबले. पुढचं माय बोलली, भिंतीकडे तोंड करून.

"आमी आलो तवा दिवस कलला व्हता. तू काठावर उभी. रडत न्हवतीस. हात असा वर, मूठ मिटलेली, जसा कुणाच्या हातात हाय. मी तुला उचललं तरी हात तसाच. न्हाऊ घातलं, निजवलं, झोपेत बी तसाच. किती दिवस खाली येईना. एका म्हातारीनं सांगितलं, पोरीपुढं थोरलीचं नाव काढू नका. हिला आठवलं तर ही बी थोरलीच्या मागं जाईल. ह्यांनी म्हातारीला हाकलून दिलं. मी न्हाई दिलं. मी नाव काढलं न्हाई." मग ती माझ्याकडे वळली. "पर तिनं तुझा हात सोडला न्हाई, हे मला दिसत व्हतं. तू चालताना दिसायचं. म्हणून मी दोघींनाच बोलवायची. आता ती मास्तरीण तुझा खांदा खाली आणती. तो खाली आला की तिचा हात सुटंल. मग ती कुठं जाईल, सांग मला. ती कुठं जाईल?"

आयुष्यभर भूत नाही म्हणून सांगणारे बाबा त्या वेळी 'असं काही नसतं' म्हणाले नाहीत. मला आठवतंय ते एवढंच, की माझा डावा हात मांडीवर होता आणि मला त्याच्याकडे बघायचं धाडस होत नव्हतं.

मायनं मला मैदानावर जायला बंदी केली. बाबा म्हणाले, पोरगी पळेल. त्यावरून त्या घरात, जिथं कधी आवाज चढला नव्हता, तिथं अबोला सुरू झाला. मी शाळेत जायचे आणि व्यायाम करायचे. खांदा खरंच खाली येत होता. भिंतीला आता जवळजवळ टेकायचा. आणि तो जसजसा खाली आला तसतशी मी बेचैन होत गेले. सुजीचा चेहरा मला आठवत नव्हता. आवाज आठवत नव्हता. माझ्याकडे तिचं काही असेल तर ते हे वाकडेपण होतं, आणि ते मी दररोज, शिस्तीनं, कानडी आकड्यांच्या तालावर काढून टाकत होते. तिकडे माय दिवसभर सैरभैर व्हायला लागली. स्वयंपाक करता करता उठून बाहेर यायची, माझ्या बाजूला बघायची, आत जायची. एकदा तिनं मला विचारलं, "हाय का गं?" मी म्हणाले, "हाय." मला खरंच ठाऊक नव्हतं.

निवड शर्यत सकाळची होती, पण पाहुण्यांना उशीर झाला आणि ऊन चांगलंच तापलं. शर्यत सुरू व्हायच्या बेतात असताना मला मैदानाच्या फाटकातून बाबा येताना दिसले. मागे माय. ती शाळेत पहिल्यांदाच आली होती. बाबा सावलीत थांबले. माय थांबली नाही. लोकांमधून सरळ चालत ती गोलाच्या आत, दुसऱ्या वळणापाशी जाऊन उभी राहिली. कुणीतरी तिला हटकलं. स्वामी मॅडमनी हातानं खूण केली, राहू द्या.

शिट्टी झाली. पहिल्या फेरीत मी तशीच पळाले, हातभर बाहेरून. अंग ऐकत नव्हतं. खांदा पुन्हा वर चढला होता, मूठ मिटलेली. मॅडम ओरडत होत्या, "आत ये! रेघेला ये!" पाच-सहा मुली माझ्या पुढे. दुसऱ्या फेरीत दम लागला. फुफाट्यानं डोळे भरले आणि मला चुन्याच्या रेघेपलीकडे फक्त मायचं पांढरं लुगडं दिसत होतं. मी वळणावर आले तशी ती रेघेपाशी सरकली आणि तिनं हात पुढे केला. माझ्याकडे नाही. माझ्या डावीकडे.

"सुजे," ती मोठ्यानं म्हणाली. सगळ्या मैदानानं ऐकलं. "सुजे, ये हिकडं. माझ्यापाशी ये. तिला जाऊ दे आता."

त्यानंतरचं मी जसं झालं तसंच सांगते. माझ्या डाव्या अंगाला वारा लागला. मी इतकी वर्षं पळत होते, पण त्या बाजूला वारा लागतो हे मला माहीतच नव्हतं. मूठ उघडली. खांदा असा खाली आला, की मी आत कलंडते की काय असं वाटलं, आणि पायाखाली चुना आला. मी रेघेवर होते. दमून रेघेपासून सुटलेल्या पुढच्या मुली माझ्या उजव्या हाताला होत्या आणि मी एकेकीला आतून मागे टाकत होते. मला पळाल्याचा आनंद होत नव्हता. फार मोठ्या मोकळ्या जागेत कुणीतरी एकटं सोडून दिल्यासारखं होत होतं, आणि मी रडत पळत होते. मंगल पहिली आली. मी दुसरी.

माय तिथंच खाली बसली होती. तिचा उजवा हात पदराखाली होता आणि ती तो बाहेर काढत नव्हती. स्वामी मॅडम तिच्याशी बोलायला गेल्या, पण चार हातांवर थांबल्या, नमस्कार केला आणि परत आल्या. आम्ही तिघं उन्हातून घरी आलो. रिकाम्या क्वार्टर्समधून वारा वाहत होता. मी त्या घरांकडे बघितलं तर ती नुसती अर्धवट बांधलेली घरं होती.

संध्याकाळी मायनं भाजी निवडायला घेतली आणि कुणी काही न विचारता बोलायला लागली. सुजी गूळ चोरायची. सुजीला 'र' म्हणता यायचा नाही, भाकरीला भाकलीच म्हणायची. डोक्यात उवा फार, पण फणीला हात लावू द्यायची नाही, मास्तरच्या हाताला एकदा चावली होती. बाबा एरवी अशा वेळी रेडिओ लावायचे. ते उठून मायपाशी येऊन बसले आणि तिच्याबरोबर देठं खुडायला लागले. "आणि त्या शेळीचं सांग," ते म्हणाले. मायनं शेळीचं सांगितलं. बाबा हसले. मी त्यांना असं हसताना कधी पाहिलं नव्हतं. हसता हसता त्यांचे डोळे वाहायला लागले, आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत.

माझ्या दुसऱ्या नंबरबद्दल कुणी काहीच बोलत नव्हतं. न राहवून मी म्हणाले, "माय, मी संघात आले."

मायनं मान वर केली. माझ्याकडे बघितलं, सरळ माझ्याकडे.

"हाव की, बघितलं मी," ती म्हणाली. "लई चांगली पळालीस. पर सुजी असती तर तू तिसरी आली असतीस."